उतरनात की उतरेनात

माझी आई दोंडाईच्याला मिरचीच्या वखारीत देठ खुडायला जायची. संध्याकाळी घरी आली की आधी राखेने हात घासायची, मग ताकाने, मग तेलाने, आणि तरीही बराच वेळ आम्हा भावंडांना हात लावायची नाही. धाकटी बहीण अंगावर पिती होती. ती भुकेने रडायची आणि आई दोन्ही हात अंगापासून लांब धरून भिंतीला टेकून बसायची. वडील कापसाच्या जिनात हमाल होते. कापसाचा हंगाम संपला की जिन बंद, आणि जिन बंद झालं की वडील रोज सकाळी स्टेशनावर जाऊन उभे राहायचे, कुणाचं काही उचलायचं आहे का बघायला. पावसाळ्यात एक वेळची भाकरी असायची. तिच्यासोबत आईने वखारीतून पदरात आणलेला मिरचीचा चुरा.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. मी त्या घरातला पहिला मॅट्रिक, पहिला कॉलेजात गेलेला आणि पहिला बी.एस्सी. गल्लीतलाही पहिलाच. याचा मला अभिमान होता, अजून आहे, आणि तो मी लपवत नाही.

धुळ्याच्या कॉलेजात पहिल्याच महिन्यात सरांनी विचारलं, तारेतून काय वाहतं? मी उभा राहून म्हणालो, "सर, करंट शे." वर्ग हसला. 'शे' म्हणजे 'आहे', एवढंच. आमच्या अहिराणीत आम्ही तसंच म्हणतो. पण त्या दिवसापासून मी 'आहे' म्हणायला शिकलो आणि इतकं नीट शिकलो की पुढे लोक मला पुण्याकडचा समजत. घरी गेलो की घराच्या पायरीवरच जीभ आपोआप अहिराणीवर यायची. एका तोंडात दोन भाषा घेऊन मी वाढलो. त्याचा कधी काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

बिनतारी विभागात नोकरी लागली तेव्हा वडिलांनी विचारलं, "बीएस्सी करीसन काय व्हयना तू? मास्तर?"

"नही दादा. बिनतारी संदेश. तारेबिगर बोलानं."

"तारेबिगर बोलाले बीएस्सी लागस? तुनी माय ते रोजच बोलस."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तठे मिरची नही ना?"

तिथे मिरची नव्हती. पण डोळे तिथेही जळणार होते, हे तेव्हा आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं.

उन्हाळ्यात सातपुड्यात वणवे लागत. साग, सलई, अंजन यांचा पाला वाळून गुडघाभर साचलेला असे. मोहाची फुलं वेचायची म्हणून कुणी झाडाखालचा पाला पेटवी, कुणाची विडी पडे, आणि वारा असला की दोन दिवसांत डोंगराची एक अख्खी सोंड काळी होई. वणवा मोठा असला की आम्हाला बिनतारी सेट घेऊन पाठवत. एक सेट डोंगरावर विझवणाऱ्या माणसांबरोबर, एक पायथ्याला रेंजरसाहेबांजवळ. वरचा तो 'माथा', खालचा तो 'पायथा'. माणसं आगीशी लढत, आम्ही खरखरीशी. लोकांना वाटे, हा खुर्चीवर बसून कानाला डबा लावून आहे, याला काय त्रास. त्रास हाच की सगळे ज्याची वाट बघत आहेत तो शब्द आधी माझ्या कानात येणार, आणि तो मी चुकीचा ऐकला तर पुढचं सगळं चुकणार. सेटमधून आवाज येत असला तर मी घाबरत नसे. आवाज थांबला की मी हाका मारत बसे.

मी सांगतो तो वणवा दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यातला, शिरपूरच्या उत्तरेचा. पायथ्याला एक गाव होतं, गवती छपरांचं. गावातले बाप्ये, तीसचाळीस तरी असतील, वर आग तोडायला गेले होते. म्हणजे पाला झाडून, गवत कापून मोकळा पट्टा करायला. त्यांच्याबरोबर 'माथा' सेट घेऊन माझा सोबती गेला होता. तो साताऱ्याकडचा, दोन वर्षांपूर्वी खानदेशात आलेला. मला चिडवायला म्हणून तो अहिराणी शिकला होता आणि आता त्याला ती सोडवत नव्हती. सेटवर साहेबांचं लक्ष नसलं की मुद्दाम म्हणायचा, "पायथा, जेवनात का? काय भाजी शे?" मीही त्याला हसून दुरुस्त करायचो.

त्या दिवशी दुपारी वारा फिरला. सकाळपासून आग पलीकडच्या दरीत होती, ती आता गावाच्या बाजूला वळली. रेंजरसाहेब घाटावरचे, शांत माणूस. त्यांनी मला नीट समजावलं, कारण पुढचं सगळं माझ्या कानावर होतं. गावाच्या वरच्या अंगाला जाळरेषा होती, म्हणजे वनखात्याने आधीच साफ करून ठेवलेला पट्टा. तिथून आपण उलटी आग लावायची. ती डोंगरावर चढत जाईल, वरून येणाऱ्या आगीला भिडेल, आणि मधलं सगळं जळून गेल्यावर दोन्ही मरतील. गाव वाचेल.

"पण मधे माणूस नको," ते म्हणाले. "ते सगळे खाली आले की मला सांगा. त्याआधी काडी ओढायची नाही. आणि उशीरही चालणार नाही."

मी वर निरोप दिला: सगळ्यांना घेऊन खाली या, उतरले की कळवा. सोबत्याने "समजलं" म्हटलं. मग आम्ही वाट बघत बसलो. जाळरेषेवर टेंभे घेतलेली वनखात्याची माणसं उभी होती. सेट शाळेच्या ओट्यावर होता. धुराने ऊन तांबूस झालं होतं आणि कावळे गावावरून दक्षिणेकडे निघाले होते.

सेटपाशी आम्ही चौघं होतो. मी, रेंजरसाहेब, गावचेच असलेले म्हातारे वनरक्षक, ज्यांना सगळे नाना म्हणत, आणि एक अक्का. वर गेलेल्या टोळीचा मुकादम म्हणजे त्या अक्काचे मालक. तिला तिथून हलायला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "मी काय तुमना डब्बाले हात लावस का? बसू द्या."

आणि निरोप आला. खरखर, मग सोबत्याचा आवाज, मग पुन्हा खरखर:

"पायथा... लोक... उतर... नात. ओव्हर."

ओट्यावरच्या सगळ्यांनी तो ऐकला, कारण मी स्पीकर लावला होता. आणि सगळ्यांची तोंडं एकदम उघडली.

नाना म्हणाले, "उतरनात म्हने. आते काय वाट देखतस? लावा."

साहेब त्याच क्षणी म्हणाले, "उतरेनात? का उतरेनात? त्यांना सांगा, हुकूम आहे."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या अहिराणीत 'बठ्ठा उतरनात' म्हणजे सगळे उतरले. पडना म्हणजे पडला, बसना म्हणजे बसला, उतरनात म्हणजे उतरले. आणि पुस्तकी मराठीत 'उतरेनात' म्हणजे काही केल्या उतरत नाहीत. मधे एका मात्रेचा फरक, आणि ती मात्रा खरखरीत गेली होती. नाना जन्माने अहिराणी, त्यांनी 'उतरले' ऐकलं. साहेब घाटावरचे, त्यांनी 'उतरत नाहीत' ऐकलं. दोघांनाही दुसरं काही ऐकू येणंच शक्य नव्हतं. मला मात्र दोन्ही ऐकू आलं. बोलणारा साताऱ्याचा म्हणून 'उतरेनात' म्हणावं, तर दोन वर्षं तो सेटवर अहिराणीच झाडत होता. 'लोक' म्हणाला की आमच्यासारखं 'लोके', तेही कळलं नव्हतं.

साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही सांगा. तुम्ही काय ऐकलंत?"

"साहेब, दोन्ही."

"दोन्ही म्हणजे काय? एक सांगा."

"एक सांगता येत नाही. परत विचारतो."

नानांचं घर जाळरेषेपासून पहिलं. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "भाऊ, तू आपलाच ना? दोंडाईचानाच ना? मंग तुले उतरनात समजस नही का? कॉलेजमा जाईसन इसरी गया का?"

हे मला लागलं. पण उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी हँडसेटचं बटन दाबलं आणि सेटवरचा छोटा दिवा मंदावत मंदावत विझला. बटन सोडलं, दिवा लागला, खरखर सुरू. पुन्हा दाबलं, पुन्हा अंधार. बॅटरी बसली होती. सकाळपासून चार्जिंगचं इंजिन धुळीने आणि राखेने गुदमरून बंद पडलं होतं, मी ते दोनदा उघडून साफ केलं होतं, आणि ते दोनदा परत बंद पडलं होतं. उरलेल्या बॅटरीत ऐकण्यापुरता दम होता, बोलण्यापुरता नव्हता.

म्हणजे वरचं मला ऐकू येणार होतं. मला मात्र काहीच विचारता येणार नव्हतं.

आणि वरून आता फक्त खरखर येत होती. माझं उत्तर आलं नाही म्हणून तो सेट सोडून माणसांकडे धावला असेल, की पायवाटेने उतरत असेल, की आणखी काही. आणखी काहीचा विचार मी केला नाही.

"भाऊ," अक्का म्हणाली, "मन्हा मालक उतरना का?"

मी म्हणालो, "विचारस, अक्का. विचारस."

चिंचेखाली दोंडाईच्याच्या एका शेठचा ट्रक उभा होता. पाण्याचे पिंप घेऊन आलेला. आग आलीच तर बायकापोरांना त्यातूनच न्यायचं ठरलं होतं. मी धावत गेलो. ड्रायव्हर हुडवर पाय टाकून आगीकडे बघत होता.

"बॅटरी काढून द्या. तुमच्या दोनातली एक."

त्याने पायही हलवला नाही. "आणि गाडी चालू कशी करू? तुमच्या वायरलेसवर सांगून?"

"उतारावर लावून ठेवा. ढकलली की सुरू होईल."

"ढकलणार कोण? बाप्ये वर, इथे म्हाताऱ्या आणि पोरं. तुमचा साहेब ढकलणार?"

मागून साहेबांचा आवाज आला, "ढकलणार. मीच ढकलीन. काढा बॅटरी."

ड्रायव्हरने साहेबांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "साहेब, तुमच्याने सायकल ढकलली जाणार नाही," तो म्हणाला आणि पाना काढला. तोंडाने शिव्या आणि हाताने काम, असं त्याचं चालू होतं. आधी त्याने नानांना आणि टेंभेवाल्यांतल्या दोघांना बोलावून ट्रक ओट्याच्या वरच्या चढावर घेतला, चाकाला दगड लावले, आणि मग बॅटरी सोडवली. प्रत्येक नट मला डोंगराएवढा वाटत होता. जाळरेषेवरून कुणीतरी हाका मारायला लागलं की धूर वाकतोय, लावायची का. साहेब ओरडले, "नाही." ते पहिल्यांदाच ओरडले.

आम्ही दोघांनी बॅटरी ओट्यावर आणली. जुन्या बॅटरीच्या तारा मी सोडवल्या. उलटसुलट जोडल्या असत्या तर सेटच जळाला असता, म्हणून जोडायच्या आधी मी अधिकउणेची खूण तोंडाने मोठ्याने म्हटली. मग जोडल्या. बटन दाबलं. दिवा लागलेलाच राहिला.

"माथा, माथा, पायथा बोलतो. माथा, उत्तर दे."

खरखर.

"माथा, माथा."

मी किती वेळा हाक मारली ते मला माहीत नाही. नाना माझ्या मागे उभे होते. त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता. आगीचा आवाज आता ओट्यापर्यंत यायला लागला होता, पलीकडच्या नदीला पूर यावा तसा.

"पायथा," सेट बोलला. "कुठे मेला होतास?"

आता प्रश्न असा विचारायचा होता की ज्याचं उत्तर साताऱ्यात आणि दोंडाईच्यात एकच होईल. मी म्हणालो, "माणसं कुठे आहेत? वर की खाली? एकच शब्द सांग, दोनदा सांग."

"वर. वर. सगळी वरच."

साहेबांनी चष्मा काढला आणि परत घातला. नाना खाली बसले.

सोबती पुढे सांगत होता. वर पठारावर गावाच्या चाऱ्याच्या गंजी होत्या. दुष्काळात ढोरं जगली ती त्या पठाराच्या गवतावर, आणि पुढच्या पावसापर्यंत तोच आधार होता. माणसं म्हणत होती, गंजीभोवती पट्टा तोडतो, मगच येतो. तो हातापाया पडला होता, पण ती उतरेनात. हेच त्याने मघाशी सांगितलं होतं, त्या खेपेला शुद्ध मराठीत, कारण प्रसंग चेष्टेचा नव्हता.

"आग किती लांब?"

"पायवाट अजून मोकळी आहे. फार वेळ नाही राहणार."

साहेबांनी हँडसेट मागितला, हुकूम सांगितला, खटला भरीन म्हणाले. वरून उत्तर आलं की मुकादम म्हणतो, खटला भरा, पण ढोरांना खटला खायला घालू का.

तेव्हा अक्का उठली. "माले द्या तो डब्बा."

नियमाने खात्याबाहेरच्या माणसाला सेटवर बोलू द्यायचं नसतं. मी साहेबांकडे बघितलं. ते म्हणाले, "द्या." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "अक्का, त्यांना सांगा, गंजी गेल्या तर खात्याच्या गवताच्या डेपोतून गावाला चारा देईन. माझा शब्द."

मी बटन दाबून तिच्या तोंडाशी हँडसेट धरला. "कोणाला बोलवायचं? नाव सांगा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. डोंगर पेटला होता तरी नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती. "मुकादमले बलाव," ती म्हणाली.

मी वर सांगितलं, मुकादमाला सेटजवळ उभं कर. मग ती बोलली. हळू सुरुवात केली, आणि मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असं.

"आयकी ऱ्हायनात का? मी बोली ऱ्हायनू. बठ्ठा ढोरे खाले शेतस, मी सोता बांधेल शेतस. साहेब गवत देवाव शेतस. गंजी जाऊ द्या. तुमले तठेच ऱ्हावानं व्हई ते ऱ्हा, पन मंग आठेच सांगी द्या, म्हंजे मी कुकू पुसीसन बसस. वाट देखत बसावु नही."

तिने हँडसेट माझ्या हातात दिला आणि पदराने हात पुसले, जणू काही तेलकट धरलं होतं.

मग सोबती म्हणाला, "निघाले. ही पुढे गेली माणसं. मी शेवटी. सेट बंद करून पाठीवर घेतो. नाल्यात आलो की एरियलची तार टाकून बोलतो."

आणि वरचा सेट बंद झाला.

त्यानंतरची वाट बघणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात वाईट. आता बॅटरी भरलेली होती, दिवा लखलखीत होता, आणि ऐकायला काही नव्हतं. जाळरेषेवरची माणसं मागे सरकायला लागली होती. एक ठिणगी गावात पडली, एका छपराला लागली, ती म्हाताऱ्यांनी ओल्या पोत्यांनी मारली. साहेब येऊन माझ्याजवळ उभे राहत, परत जात. ड्रायव्हरने बायकापोरांना ट्रकमध्ये बसवायला सुरुवात केली होती. नाना त्याला म्हणाले, "मी नही बसाव." तो म्हणाला, "नाना, तुम्ही बसला तर माझी गाडी रुतेल. उभेच राहा."

कुणी हसलं नाही, पण नाना जरा सैल झाले.

माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. नाल्यातून आवाज नीट येईल का? नाला जाळरेषेच्या बाहेर होता, पण खोल; तार कुठे बांधणार? आणि तो काय शब्द वापरेल? मघाशीच सांगून ठेवायला हवं होतं का? सांगायला वेळ कुठे होता?

मग खरखरीतून आवाज आला, धापा टाकत:

"पायथा, पायथा. खाली. सगळे खाली, नाल्याच्या अलीकडे. मुकादमाने मोजले. बठ्ठा खाले. कळलं का तुला, दोन्ही भाषेत सांगतोय. खाली, खाले."

मी साहेबांकडे वळून म्हणालो, "खाली आले. सगळे. नाल्याच्या अलीकडे."

"नक्की?"

"नक्की."

तेव्हा त्यांनी हात वर केला आणि जाळरेषेवर टेंभे टेकले.

उलटी आग आधी सरपटत गेली, मग उठली. थोड्या वेळाने वरून गंजी पेटल्याचा पिवळा लोळ दिसला. अक्का तिकडे बघत होती. माणसं नाल्याच्या बाजूने गावात यायला लागली, काळी, भुवया करपलेली, एकमेकांना धरून. गावच्या माणसांत मुकादम सगळ्यात शेवटी आला. अक्काने त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "आते डब्बावरथून बोलाले लावशाल का परत?" तो पाणीच पीत राहिला.

सोबती ओट्यावर आडवा पडला आणि मला म्हणाला, "तू उत्तर दिलं नाहीस तेव्हा मला वाटलं, तुम्हीच पेटलात."

ट्रकची बॅटरी परत बसवली, आणि ट्रक ढकलायची वेळ आली नाही. ड्रायव्हरने ते साहेबांना दोनदा ऐकवलं.

पुढच्या आठवड्यात मी धुळ्याला वरिष्ठांना जे घडलं ते लेखी कळवलं आणि एक सूचना केली. ती मान्य झाली. धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत वणव्याच्या कामावर जाणाऱ्या प्रत्येक ऑपरेटरला शिकवलं जाऊ लागलं की माणसांबद्दल निरोप देताना 'उतरणे' हा शब्द वापरायचा नाही. 'वर' किंवा 'खाली' म्हणायचं, जागा सांगायची, दोनदा सांगायची. आणि पायथ्याच्या सेटबरोबर एक बॅटरी जास्तीची द्यायची. पहिली काही वर्षं ती शिकवणी मीच घेतली, यावलला, चोपड्याला, शिरपूरला. साहेबांनी गवताचा शब्द पाळला. त्या वणव्यात बरंच जंगल गेलं आणि गावाच्या गंजी गेल्या. माणूस एकही गेला नाही आणि गाव वाचलं.